दरवर्षी त्याच पट्ट्यात मर का लागते? झाड कुठे कमी पडतं ते आधी बघू

तक्रार ठरलेली असते. उगवण चांगली, झाडं जोमात, आणि ऐन फुलोऱ्यात शेताच्या ठरावीक पट्ट्यात झाडं माना टाकायला लागतात. मुळाशी औषधाची आळवणी होते, चार दिवस बरं वाटतं, मग शेजारची झाडं जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच पट्टा, थोडा रुंद झालेला. "औषध बदललं, वाण बदलला, तरी मर येतेच" इथे येऊन बहुतेकांची गाडी अडते.

मर रोगात औषधाचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असं माझं मत आहे. मर बहुतेकदा मातीतल्या बुरशीने लागते; झाड या बुरशीशी स्वतः कसं लढतं आणि त्या लढाईत त्याला किती वेळ मिळतो, ते आधी बघायचं. हत्यारं जवळपास प्रत्येक झाडाकडे असतात. बहुतेक वेळा ती बाहेर काढायला उशीर होतो. एकदा हे डोक्यात बसलं की कोणता उपाय कामाचा आणि कोणता नुसता खर्चाचा, हे बऱ्यापैकी उलगडतं.

आधी खोड चिरा

माना टाकलेलं प्रत्येक झाड मरीचं नसतं. त्यामुळे पहिलं काम ब्लेडचं. नुकतंच कोमेजायला लागलेलं, अजून हिरवं असलेलं झाड मुळासकट उपटा. पूर्ण वाळलेलं घेऊ नका. मेलेल्या झाडात नंतर कितीतरी बुरश्या घुसतात आणि मूळ गुन्हेगार कोण ते कळत नाही. मुळं धुवा आणि बुंध्यापासून वर उभा छेद घ्या. हरभऱ्याच्या फ्युजेरियम मरीत मूळ बाहेरून धडधाकट दिसतं, तिथेच फसगत होते. आत मात्र लाकडाच्या भागात काळपट तपकिरी रेघ वर चढत गेलेली दिसते. तुरीत बुंध्यापासून वर जाणारा जांभळट काळा पट्टा बाहेरूनही दिसतो, आणि पुष्कळदा झाडाची एकच बाजू वाळते. टोमॅटोत एका बाजूची पानं पिवळी पडतात, कधी एकाच पानाचा अर्धा भाग. अशी एकांगी लक्षणं दिसली की पाणी वर नेणाऱ्या काही नळ्या बंद पडल्यात असं धरून चालावं.

रेघ नसेल तर दुसरीकडे बघा. पानं हिरवी असतानाच झाड एक-दोन दिवसांत गळून पडलं, तर खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. कापलेल्या टोकातून दुधट धागे खाली उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग. मूळ कडक होऊन कडकन मोडतं, उपमुळं झडलेली, साल सुटलेली आणि हवा गरम-कोरडी असेल तर ती कोरडी मूळकुज. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर स्क्लेरोशियमची खोडकुज. कपाशीत लांब खंडानंतर जोराचा पाऊस किंवा भरपूर पाणी झालं आणि दोन दिवसांत झाडं लुळी पडली, पण खोड आतून पांढरं स्वच्छ आहे, तर ती आकस्मिक मर. तिथे बुरशीचा संबंधच नसतो. साचलेलं पाणी बाहेर काढणं आणि मुळांशी हवा खेळती करणं हाच उपाय. बुरशीनाशकाची आळवणी तिथे वाया जाते.

यापुढचं सगळं रेघवाल्या मरीबद्दल आहे, म्हणजे मुख्यतः फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम आणि तिची भावंडं.

मुळाच्या आत काय चालतं

ही बुरशी मातीत जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात झोपून राहते. मुळातून पाझरणाऱ्या शर्करा आणि आम्लांची चाहूल लागली की बीजाणू रुजतो आणि तंतू मुळाकडे सरकतो. टोकाजवळचा कोवळा भाग आणि उपमूळ फुटताना पडलेली चीर या तिच्या आवडत्या वाटा.

मूळ इथे गप्प बसत नाही. टोकावरून सुटणाऱ्या पेशी आणि चिकट स्राव बुरशीला अडवतात. तंतू पेशींना भिडला की झाड कायटिनेज नावाचं विकर सोडतं, ते बुरशीच्या भिंतीतलं कायटिन तोडतं, आणि तुटलेले तुकडे झाडाच्या पेशींवरचे ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिनं, ओळखतात. शत्रू आला ही पहिली वर्दी तिथून जाते. मग पेशीभिंतीला आतून कॅलोज आणि लिग्निन या भिंत मजबूत करणाऱ्या द्रव्यांची भर पडते. आणखी आत एंडोडर्मिस नावाचा थर असतो, त्याच्या भिंतींत मेणचट सुबेरिन भरलेलं असतं. पूर्ण तयार झालेला हा थर ओलांडणं बुरशीला जड जातं. पण मुळाच्या टोकाला हा थर अजून तयार झालेला नसतो आणि उपमूळ फुटतं तिथे तो फाटतो. म्हणून वरच्या दोन्ही वाटा धोक्याच्या.

एवढ्यावर लढाई संपली तर झाडाला काही होत नाही, आणि आपल्याला कळतही नाही. शेतातल्या बऱ्याच निरोगी झाडांच्या मुळांच्या सालीत ही बुरशी सापडते.

खरा प्रश्न उभा राहतो ती पाण्याच्या नळ्यांपर्यंत, म्हणजे झायलेमपर्यंत पोचल्यावर. या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. पानावरच्या रोगात झाड एक हुकमी डाव टाकतं, बाधित पेशीच मारून टाकतं, म्हणजे रोग तिथेच कोंडला जातो. नळीत मारायला जिवंत पेशीच नाही. त्यामुळे सगळी जबाबदारी नळीला चिकटून असलेल्या जिवंत पेशींवर येते. नळीच्या भिंतीत सूक्ष्म खाचा असतात. त्या खाचेतून शेजारच्या पेशीचं आवरण नळीच्या पोकळीत फुग्यासारखं फुगून येतं आणि नळी अडवतं. याला टायलोस म्हणतात. जोडीला पेक्टिनचे घट्ट जेल ओतले जातात, भिंतींवर फिनॉलिक द्रव्यांचे थर चढतात, आणि याच बंद केलेल्या खोपच्यात झाड आपली विषं सोडतं. हरभऱ्यात मेडिकार्पिन आणि माकियाइन, कपाशीत गॉसिपॉलच्या घराण्यातली टर्पिनॉइड द्रव्यं. कोकोच्या प्रतिकारक झाडांत तर व्हर्टिसिलियम या मर लावणाऱ्या दुसऱ्या बुरशीची लागण झाल्यावर नळ्यांभोवती चक्क मूलद्रव्य रूपातलं गंधक साठतं, हे 1996 मध्ये दाखवलं गेलं. माणूस जे बुरशीनाशक सगळ्यात आधी वापरायला शिकला, ते या झाडाच्या घरचंच निघालं.

आता अडचण बघा. बुरशी नळीत आली की बारीक बीजाणू तयार करते आणि ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातात. नळीच्या टोकाच्या जाळीशी अडकतात, तिथे रुजतात, पलीकडे तंतू काढतात, तिकडे नवे बीजाणू सोडतात. असे टप्पे घेत ती वर चढते. केळीवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं: प्रतिकारक जातीत अडकलेल्या बीजाणूच्या वरच्या बाजूला टायलोस लवकर आणि पुरता तयार होतो, म्हणून बुरशी खालीच कोंडते. बळी पडणाऱ्या जातीतही टायलोस होतात. पण ते होईपर्यंत बीजाणू पुढे निघून गेलेले असतात. मग झाड आणखी वर अडवायला जातं, तिथेही उशीर. शेवटी इतक्या नळ्या झाडानेच बंद केलेल्या असतात की पानांना पाणी मिळेनासं होतं. आपण ज्याला मर म्हणतो त्यातला मोठा वाटा असा झाडाच्या उशिरा केलेल्या बचावाचा असतो.

पिवळेपणाचंही काहीसं तसंच. पानं पिवळी पाडणारं इथिलीन हे झाडाचंच संप्रेरक. ज्या टोमॅटोला जनुकातल्या बदलामुळे इथिलीनची जाणीवच होत नाही, त्यात फ्युजेरियमची लक्षणं सौम्य दिसली.

उशीर म्हणजे किती, ते हरभऱ्यात बघा

हरभऱ्याच्या मरीवर 1980 च्या दशकात झालेलं अनुवंशाचं काम मला या विषयातलं सगळ्यात बोलकं वाटतं. बुरशीच्या एका वंशाविरुद्ध, ज्याला रेस 1 म्हणतात, हरभऱ्यात तीन जनुकं सापडली. यातलं एकही नसलेला जेजी 62 सारखा वाण लवकर मरतो, म्हणूनच चाचण्यांत तो मुद्दाम तुलनेसाठी लावतात. एकच जनुक असेल तर झाड मरतंच, पण उशिरा. तिघांपैकी कोणतीही दोन एकत्र आली की झाड पूर्ण वाचतं. एकेकटं जनुक फक्त मुदत वाढवतं, आणि दोन मुदती एकावर एक पडल्या की बुरशी गाठू शकत नाही.

याचा शेतातला अर्थ साधा आहे. तुमचा वाण अर्धवट प्रतिकारक असेल तर त्याच्या मुदतीत भर घालणारी प्रत्येक गोष्ट उपयोगी, आणि मुदत खाणारी प्रत्येक गोष्ट घातक. आणि झाड कोमेजलेलं दिसतं तो दिवस लागणीचा नसतो. तुरीत लागण रोपावस्थेत होऊन लक्षणं फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना दिसू शकतात. त्या दिवशी केलेली आळवणी पुष्कळ उशिराची असते. शिवाय कार्बेन्डाझिमसारखं आंतरप्रवाही औषध पाण्याच्या ओघाबरोबरच वर जातं. ज्या नळ्या बंद आहेत, त्यांतून ते जाणार कसं?

"प्रतिकारक वाण लावला, तरी मर आली"

हे वारंवार विचारलं जातं आणि याची कारणं एकापेक्षा जास्त असतात. दुकानदार फसवतो हे दरवेळी खरं नसतं.

पहिलं कारण बुरशीचं रूप. वाण "मरीला प्रतिकारक" नसतो, तो मरीच्या विशिष्ट वंशाला प्रतिकारक असतो. टोमॅटोत आय, आय-2, आय-3 अशी जनुकं जंगली नातलगांतून आणली गेली. ही जनुकं बुरशीने नळीत सोडलेली ठरावीक प्रथिनं ओळखतात आणि बचाव ताबडतोब सुरू करतात, म्हणजे उशिराचा प्रश्नच मिटवतात. बुरशीने काय केलं? रेस 2 ने ओळख पटवणारं एक प्रथिनच टाकून दिलं. रेस 3 च्या प्रकारांत दुसऱ्या एका प्रथिनात एकाच अमिनो आम्लाचा बदल झाला. काम तेच राहिलं, फक्त आय-2 ला ते ओळखू येईना. त्याखेरीज टोमॅटोतलं टोमॅटिन हे विष निकामी करणारं विकरही तिच्याकडे आहेच. 2010 मध्ये या बुरशीचा जीनोम वाचला गेला तेव्हा कळलं की रोग लावण्याची सामग्री काही ठरावीक, सुट्या गुणसूत्रांवर असते, आणि असं गुणसूत्र निरुपद्रवी प्रकारात गेलं की तोही टोमॅटोवर मर लावायला लागतो. हरभऱ्याच्या मरीचे आठ वंश नोंदलेले आहेत. म्हणून वाण निवडताना आपल्या भागातल्या वंशाविरुद्ध तो तपासलाय का, हे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत बघा. पाकिटावरच्या एका शब्दावर विसंबू नका.

दुसरं कारण तापमान, आणि याकडे फार कमी जण बघतात. हरभऱ्याचा अयाला नावाचा वाण नियंत्रित खोलीत दिवसा 24 अंश सेल्सिअसला मध्यम प्रतिकारक निघाला, आणि 27 अंशांना जोरदार बळी पडला. तीन अंशांचा फरक. बुरशीला 25 ते 28 अंशांची जमीन मानवते, तिचा वेग वाढतो आणि झाडाची मुदत तोकडी पडते. जमीन तापलेली असताना लवकर पेरलेला हरभरा मरतो आणि त्याच शेतात थंडी पडू लागल्यावर पेरलेला तगतो, यामागे पुष्कळदा एवढंच असतं. पेरणी थोडी पुढे ढकलणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. मात्र फार ढकलली तर शेवटी उष्ण-कोरड्या हवेत कोरडी मूळकुज गाठते, तेव्हा मोजूनमापून.

तिसरं, सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म कृमी. कपाशीत मुळांवर गाठी असल्या की मर वाढते, हे 1892 मध्येच नोंदलं गेलं होतं. सूत्रकृमी मुळाला भोकं पाडतात एवढंच नाही. त्यांनी तयार केलेल्या फुगलेल्या पेशींमुळे मुळाची आतली यंत्रणाच बदलते आणि प्रतिकारक वाणाचा प्रतिकार मोडू शकतो. म्हणून उपटलेल्या झाडाच्या मुळांवर गाठी आहेत का ते बघाच. फक्त नत्र पुरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या गाठींशी गल्लत करू नका: त्या बोटाने सहज निघतात आणि आतून गुलाबी असतात, सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेलं मूळच, ती वेगळी निघत नाही. गाठी सापडल्या तर बुरशीनाशक बाजूला ठेवून आधी सूत्रकृमींचा बंदोबस्त करा.

बियाणं भेसळीचं असणं, घरचं बियाणं मरीच्या शेतातलं असणं ही कारणं आहेतच. हरभऱ्यात रोग बियाण्यातूनही जातो.

पट्टा तोच का राहतो

कारण बीजाणू तिथेच आहेत. हरभऱ्याची मर लावणारी बुरशी पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत जमिनीत टिकू शकते. एका वर्षाच्या फेरपालटाने ती संपत नाही, पण संख्या घटते, आणि संख्येला महत्त्व आहे: मुळावर एकाच वेळी दहा ठिकाणी हल्ला झाला तर एखाद्या ठिकाणी तरी झाडाला उशीर होणारच. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या चाचण्यांत ज्वारीची फेरपालट किंवा ज्वारीचं आंतरपीक असलेल्या तुकड्यांत तुरीची मर बरीच कमी राहिली. तूर सलग घेणाऱ्यांना हा साधा बदल नकोसा वाटतो, पण माझ्या मते आळवणीच्या चार फेऱ्यांपेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

मेलेली झाडं उपटून बांधावर टाकणं म्हणजे पट्टा रुंद करणं. ती मुळासकट काढून जाळा. पाटाचं पाणी आजारी पट्ट्यातून निरोगी पट्ट्यात जात असेल तर दिशा बदला. अवजारांना चिकटलेली माती त्या पट्ट्यातून बाहेर पडण्याआधीच धुवा.

नत्राचं रूपही फरक करतं. अमोनियाच्या रूपातलं नत्र जास्त झालं की फ्युजेरियम मर वाढते; नायट्रेट रूपातलं नत्र आणि आम्लधर्मी जमिनीत चुना देऊन सामू सातच्या जवळ नेणं यांनी टोमॅटो, कलिंगडासारख्या पिकांत ती घटते. मुळाजवळची माती किंचित अल्कधर्मी झाली की बुरशीला लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं मिळेनाशी होतात. पण जमीन मुळातच चुनखडीची असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही, आणि व्हर्टिसिलियम मरीत तर सगळं उलट असतं. माती परीक्षण न करता चुना पसरू नका.

मातीतले इतर जीव हाही झाडाच्या बचावाचा भाग धरा. दक्षिण फ्रान्समधल्या शातोरनार भागातली माती प्रसिद्ध आहे: तिथे बुरशी असूनही मर लागत नाही. ती माती वाफेने तापवली तर गुण जातो, आणि थोडी न तापवलेली माती मिसळली तर परत येतो. कारण तिथली निरुपद्रवी फ्युजेरियम आणि स्युडोमोनास जिवाणू. ते मुळाभोवतीचं अन्न आणि जागा आधीच अडवतात, शिवाय झाडाला आधीच सावध करतात. सावध झालेल्या झाडाचा बचाव हल्ला झाल्यावर लवकर उभा राहतो. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी आपण याचसाठी वापरतो. म्हणूनच ते बियाण्याला किंवा रोपाच्या मुळांना, पेरणी-लागवडीच्या वेळीच द्यायचं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यात वाढवून दिलं तर उत्तम. फुलोऱ्यात झाड कोमेजल्यावर ट्रायकोडर्माची आळवणी करणारे भेटतात. तेव्हा सावध करायला झाडात उरलेलं काय असतं? आणि त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळून वर ट्रायकोडर्मा लावू नका. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे.

पट्टा लहान असेल तर उन्हाळ्यात जमीन ओली करून पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे ताणून ठेवा, कडा मातीत दाबून. काळं पॉलिथिन नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. रोपवाटिकेसाठी आणि वाफ्यांसाठी हा उपाय फार चांगला. वीस एकरांसाठी परवडणार नाही हे उघड आहे.

केळीत पनामा मर (केळीची फ्युजेरियम मर), त्यातही तिचा टीआर 4 हा वंश, असेल तर वरचं गणित बदलतं. ग्रोस मिशेल ही जात रेस 1 ने व्यापारी लागवडीतून हटवली, तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आणि टीआर 4 कॅव्हेंडिशलाही लागते. जंगली केळीतलं आरजीए 2 जनुक घातलेल्या कॅव्हेंडिशला ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये मंजुरी मिळाली, पण तुमच्या हातात आज आहे ते ऊतिसंवर्धित निरोगी रोप आणि बाधित बागेतले मुनवे न उचलण्याचं पथ्य. एकदा शिरली की त्या जमिनीत केळी परत घेण्याचा नाद सोडावा लागतो.

कलिंगड, टोमॅटो, वांगी या पिकांत मात्र एक सरळ वाट आहे. मुळं दुसऱ्या झाडाची वापरायची. कलिंगडाची दुधी भोपळ्यावर किंवा भोपळ्यावर कलमं करण्याची पद्धत जपानमध्ये 1920 च्या दशकापासून चालत आली आहे. कलिंगडाची मर लावणारा प्रकार भोपळ्याच्या मुळात शिरून नळीपर्यंत सहसा पोचू शकत नाही, त्यामुळे वरच्या कलिंगडाला लढावंच लागत नाही. लागवड करताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहील एवढं बघा आणि पुढे भर लावतानाही तो झाकू नका. सांध्याच्या वर कलिंगडाला मुळं फुटून ती जमिनीत टेकली, तर बुरशीला जुनीच वाट मोकळी होते. अशी मुळं दिसताच कापून टाका.